घाईचा भाव

सकाळी ६.३०

फाइल आली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्री नऊ वाजता आमचा कमिशनर लीग पुढे सरकवतो आणि नवी फाइल सगळ्या मॅनेजरांना पाठवतो. चिंचवडला तेव्हा रविवार उजाडलेला असतो. फायनल डेन्व्हरने मारली. माझी सॅक्रामेंटो १९ विजय आणि ६३ पराभव घेऊन तळाशी. नव्या खेळाडूंच्या निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत तिसरा नंबर लागलाय. ती निवड, तिला ड्राफ्ट म्हणतात, आज रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे दुपारी बाराला. कंपनीला आज सुट्टी आहे, जनरल मॅनेजरला नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की यात चेंडू हातात घ्यायचा नसतो, बटणं दाबून बास्केटही करायची नसते. जेरेमी शेफ्नर नावाच्या प्रोग्रामरने बास्केटबॉल जीएम हा गेम बनवलाय. फुकट, ब्राउझरमध्ये चालणारा, दिसायला आमच्या कॉस्टिंग खात्याच्या शीटसारखा. सामना संगणक खेळतो. आपण फक्त ठरवायचं की कोणाला घ्यायचं, कोणाला द्यायचं, कोणाला किती पगार. मूळ गेम एकट्याने खेळायचा आहे. तिथे बाकीचे संघ संगणकच चालवतो. पण काही मंडळी एकच फाइल मध्ये ठेवून तीस संघांवर तीस माणसं बसवतात, आणि मग खेळ पार बदलतो. संगणकाला घाई नसते. माणसाला असते. माझं या लीगमधलं सगळं काम त्या घाईवर चालतं.

खेळाडू सगळे काल्पनिक, संगणकाने जन्माला घातलेले. संघ मात्र शहरांचे, त्यामुळे आम्ही एकमेकांनाही शहरांच्याच नावाने हाक मारतो. मी सॅक्रामेंटो.

सकाळी ७.१५

चहा, आणि रोस्टर. पंधरा जणांची परवानगी आहे, माझ्याकडे बाराच उरलेत. हंगाम संपता संपता तिघांना मी मोकळं केलं, कारण जागा लागणार होत्या.

प्रत्येकापुढे दोन आकडे: आज किती आणि पुढे किती होईल याचा अंदाज. मोजणी शंभरापैकी, पण शाळेच्या मार्कांच्या सवयीने बघितलं तर फसगत होते. पंचाहत्तरीच्या वर गेलेला माणूस लीगचा एमव्हीपी होऊ शकतो. पंचेचाळीसचा माणूस बाकावर बसून व्यवस्थित पोट भरतो. त्या एका आकड्यामागे बारीकसारीक गुण आहेत: उंची, ताकद, वेग, उडी, दम, आतून मारणं, मधल्या अंतरावरून मारणं, तीन गुणांचा फटका, फ्री थ्रो, ड्रिबल, पास, रिबाउंड, आणि हल्ल्याची अक्कल, बचावाची अक्कल असे दोन वेगळे रकाने. वय तिशीपलीकडे गेलं की वेग आणि उडी उतरायला लागतात. अक्कल उशिरापर्यंत टिकते. हा गेम लिहिणाऱ्याने आयुष्य बघितलेलं दिसतं.

माझा सर्वात मोठा माणूस म्हणजे पॉइंट गार्ड, आकडा ६८, वय ३०. दुसरा ५४. तिथून पुढे उतार.

आता संघाची ताकद कशी निघते ते बघा, कारण पुनर्बांधणी का करावी लागते याचं उत्तर तिथे आहे. दहा खेळाडू आकड्यांप्रमाणे ओळीत लावायचे आणि प्रत्येकाला उतरतं वजन द्यायचं. पाचव्याचं वजन पहिल्याच्या निम्म्याजवळ येतं, दहाव्याचं पाचव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे ५५ चे चार जण जमवून ७५ च्या एकाची भरपाई होत नाही. खऱ्या बास्केटबॉलमध्येही असंच आहे. क्रिकेटमध्ये सचिन बाद झाला की तो पॅव्हेलियनमध्ये बसतो, मग राहिलेल्यांनी बघायचं. इथे मैदानात पाचच माणसं, आणि सर्वात चांगल्या माणसाच्या हातात दर वेळी चेंडू देता येतो. त्यामुळे मधल्या दर्जाच्या माणसांनी भरलेला संघ चाळीस सामने जिंकतो, प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरतो, आणि ड्राफ्टमध्ये पंधरावा नंबर मिळवतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या लीगमध्ये तळाला असण्यापेक्षा मध्यात असणं वाईट.

सकाळी ९

पगारपत्रक. रोज कंपनीत करतो तेच काम, फक्त इथे ते आवडीने करतो.

आमच्या लीगची पगारमर्यादा १४ कोटी डॉलर आहे, २०२४-२५ च्या खऱ्या एनबीएच्या मर्यादेच्या अगदी जवळ. ती कडक भिंत नाही. स्वतःच्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना तिच्यावरून उडी मारता येते, आणि बरेच संघ मारतात. पण एकदा वर गेलं की ट्रेडमध्ये जेवढा पगार देतो त्याहून जास्त घेता येत नाही. मर्यादेच्या वर असलेल्या संघांचे हात असे बांधले जातात. लीगमधले वीसहून जास्त संघ आज त्या अवस्थेत आहेत. माझं बिल ११.२ कोटींचं. म्हणजे २.८ कोटींची मोकळी जागा, आणि ही जागा कोणत्याही खेळाडूइतकीच खरी मालमत्ता आहे. मोसमात ती रिकामी ठेवली म्हणून संघाचे आकडे कसे दिसले ते वर सांगितलंच.

नवख्या मॅनेजरला हे कळायला वेळ लागतो. मोकळी जागा दिसली की तो बाजारातला सर्वात महाग माणूस आणतो. संघ चाळीसवर जातो. मग मध्यात अडकतो.

दुसरं बंधन कमिशनरने खऱ्या लीगमधून उचललंय: सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या, विकायचे नाहीत. याला स्टेपियन रूल म्हणतात. टेड स्टेपियन हे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक होते. पिक इतक्या सढळ हाताने वाटत सुटले की लीगला संघाला मालकापासून वाचवण्याची वेळ आली. कायद्याला आपलं नाव मिळावं असं पुष्कळांना वाटत असेल, पण असं नव्हे.

सकाळी ११

भाजी आणून झाली. आता ड्राफ्टची यादी.

इथे धुकं असतं. आलेल्या पोरांचे आकडे गेम खरे दाखवत नाही, थोडे इकडेतिकडे करून दाखवतो. स्काउटिंगवर पैसे खर्चलेत तर धुकं जरा विरळ होतं. पोरगा लीगमध्ये खेळायला लागला की हळूहळू खरा आकडा दिसतो. म्हणून मी आकड्याआधी वय बघतो. यादीत वर एक गार्ड आहे, वय २२, आज ५३, पुढे ६१. दुसरा उंच पोरगा, वय १९, आज ४४, पुढे ६९. पहिला येत्या मोसमात सुरुवातीच्या पाचात बसेल. दुसरा दोन वर्षं हरायला लावेल. पण एकोणिसाव्या वर्षी आकडे ज्या वेगाने हलतात तो वेग बाविसाव्या वर्षी राहत नाही, आणि उंची शिकवून येत नाही. ६९ हा अंदाज आहे, तो ५५ ला थांबू शकतो, ७८ लाही जाऊ शकतो. ७८ ची शक्यता जिथे आहे तिथेच मला जायचंय. ६१ मला माझ्या प्रश्नातून सोडवत नाही.

सॅक्रामेंटो मी निवडली नव्हती, रिकामी होती म्हणून मिळाली. पण नाव वाचून हसू आलं होतं. खऱ्या सॅक्रामेंटो किंग्जची मालकी २०१३ मध्ये ज्या गटाने घेतली त्याचे प्रमुख विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले ते याच किंग्ज आणि इंडियानामध्ये. आणि ड्राफ्टचा विषय निघाला की २०१८ आठवतंच. दुसरा पिक किंग्जचा होता. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. तिसऱ्या पिकवर अटलांटाने लुका डॉन्चिच घेतला आणि लगेच डॅलसला दिला. त्या वेळी किंग्ज २००६ पासून प्लेऑफमध्ये गेले नव्हते. हा दुष्काळ २०२३ मध्ये संपला तेव्हा लीगच्या इतिहासातला सर्वात लांब ठरला होता. पिक जवळ असणं आणि पिक कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यावरून घ्यावं. रणदिव्यांना चिंचवडहून शिकवायला मी कोण!

लॉटरीबद्दलही एक. २०१९ मध्ये तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची संधी सारखीच केली गेली, १४ टक्के. आधी सर्वात तळाच्याला २५ टक्के असायची. आमच्या लीगमध्येही नवाच तक्ता आहे. त्यामुळे शेवटचे दहा सामने मुद्दाम हरण्यात आता फारसा अर्थ नाही. २०२५ मध्ये तर १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला पिक लागला. लॉटरीवर पुनर्बांधणी उभी करता येत नाही. ती हवी तर लॉटरीसकट इतरांचे पिकही हातात हवेत. म्हणजे विकत घ्यायला हवेत.

दुपारी १

जेवण. लेकीला लीगची साधारण कल्पना आहे. तिने विचारलं, "बाबा, तुमचा तो गार्ड तुम्हीच आणला होता ना? त्याला विकणार?"

आणला होता. दुसऱ्या फेरीत, कोणी बघत नसताना. त्याच्या नावापुढे एल आहे, म्हणजे निष्ठावान. गेममध्ये खेळाडूंना स्वभाव असतात. कोणाला प्रसिद्धी हवी, कोणाला पैसा, कोणाला जिंकणं. हा असा, की करार संपताना संघ हरत असला तरी आनंदाने पुन्हा सही करणार.

"त्याला वाईट नाही वाटणार?"

"गेम आहे गं."

"मग तुम्ही कशाला एवढा विचार करताय?"

वरणभात पुढे सरकवला.

दुपारी २

अमेरिका झोपली आहे, युरोप जागा आहे. टोरांटो चालवणारा माणूस पोलंडमध्ये राहतो. त्याच्याकडे सकाळचे साडेदहा. सभ्य, कमी बोलणारा, आणि गळ्यापर्यंत मर्यादेच्या वर.

त्याची अडचण फाइलमध्ये दिसतेच. एक ३१ वर्षांचा फॉरवर्ड, आकडा ४९, पगार १.८ कोटी, अजून दोन वर्षं. तीन वर्षांपूर्वी ६० होता, तेव्हाचा करार. आता टोरांटोला स्वतःच्या चोविशीतल्या सेंटरला मोठा करार द्यायचाय आणि लक्झरी टॅक्सची रेषा आडवी आली आहे. मी त्याला सेंटरबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त लिहिलं, की तो फॉरवर्ड मी माझ्या मोकळ्या जागेत घेतो, बदल्यात काही देत नाही. सोबत या वर्षीचा तुझा पहिल्या फेरीचा बाविसावा पिक दे.

तो म्हणाला, पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा देतो.

मी म्हटलं, बरं, विचार कर. ड्राफ्ट आज आहे.

इथे थांबायचं असतं. दुसरा निरोप पाठवायचा नाही, आकडा खाली आणायचा नाही. त्याच्याकडे पर्याय किती आहेत हे मी सकाळी मोजलंय: १.८ कोटींची जागा असलेले संघ चार, त्यातल्या दोघांना बुधवारी फ्री एजंट, म्हणजे करार संपलेले खेळाडू, घ्यायचेत, एकाचा मॅनेजर लग्नाला गेलाय. उरलो मी. साडेतीनला त्याचं उत्तर आलं: चालेल. त्याने हसण्याची खूणसुद्धा पाठवली नाही.

माझ्या यादीत आता तेरा माणसं, ०३ आणि २२ असे दोन पिक, आणि एक कोटीची जागा शिल्लक. आलेला फॉरवर्ड मला नको आहे. पण दोन वर्षांत माझ्या पोरांना दाढी येईल तोवर त्याचा करार संपलेला असेल.

दुपारी ४

जरा आडवा झालो. झोप लागली नाही, सॅम हिंकी डोक्यात.

आमच्या लीगमध्ये पुनर्बांधणी म्हटलं की नवखे हिंकीच्या पद्धतीचं नाव घेत "प्रोसेस, प्रोसेस" करतात. हिंकी २०१३ मध्ये फिलाडेल्फियाचा जनरल मॅनेजर झाला. जे विकण्यासारखं होतं ते विकलं, पिक गोळा केले, आणि संघाला हरू दिलं. पहिल्या मोसमात १९-६३, माझ्या यंदाच्या आकड्याइतकंच. मध्ये सलग २६ पराभव. मग १८-६४. मग १०-७२, आणि तो मोसम संपायच्या आत, एप्रिल २०१६ मध्ये, तेरा पानांचं पत्र लिहून त्याने राजीनामा दिला. त्याने तिसऱ्या पिकवर घेतलेला जोएल एम्बीड पहिली दोन वर्षं दुखापतीने मैदानातच आला नाही, आणि पुढे २०२३ ला एमव्हीपी झाला. लीगने लॉटरीचा तक्ता बदलला त्यामागे हिंकीची छाया होती.

हिंकीला दूरदृष्टीचा म्हणणारे आणि ठग म्हणणारे दोघेही मला अर्धवट वाटतात. हरणं हे त्याच्या पद्धतीतलं सर्वात स्वस्त अंग होतं. कोणीही हरू शकतं. त्याची खरी हुशारी दुसऱ्यांच्या घाईतून पिक काढण्यात होती, आणि ती बाजू कोणी नक्कल करत नाही, कारण तिला रोज काम लागतं.

ती बाजू बघायची तर ओक्लाहोमा सिटी. जुलै २०१९ मध्ये क्लिपर्सना पॉल जॉर्ज हवा होता, आणि त्याच आठवड्यात हवा होता, कारण तो आला तरच कवाय लेनर्ड येणार होता. ओक्लाहोमाने घेतलं काय? गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक, पिक अदलाबदलीचे दोन हक्क, आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक वर्षाचा अनुभव असलेला गार्ड. त्या पिकांपैकी एकावर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला, बाराव्या क्रमांकावर. मधली दोन वर्षं संघ तळाशी होता. २०२४-२५ मध्ये ६८ विजय आणि अजिंक्यपद. फायनलमध्ये समोर इंडियाना, आणि इंडियानाचा गार्ड टायरीस हॅलिबर्टन, जो २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत सॅक्रामेंटोचा होता. किंग्जनी त्याला देऊन सबोनिस घेतला. त्यावरून त्यांना आजही हसतात. मी हसत नाही. सबोनिस आला म्हणून तो दुष्काळ संपला. शहराला सोळा मोसमांनी प्लेऑफ मिळाला, विजयाचा जांभळा झोत आकाशात गेला. घाईची किंमत त्यांनी मोजली, पण घाई खरी होती.

सायंकाळी ६

पूर्व किनारा उठला. गार्डसाठी पहिला निरोप डॅलसचा: ५२ आणि ५१ आकड्यांचे दोन जण, वय २७, २८. मी आभार मानून नाही म्हटलं. हा व्यवहार मला तळावरून थोडा वर नेतो. मध्यात.

ड्राफ्ट हा खरा विक्रीचा दिवस, कारण फ्री एजन्सी संपून प्री-सीझनची फाइल आली की सगळ्यांचे आकडे हलतील. तिशीचा माणूस तिथे एकदम ६८ चा ६४ होऊ शकतो. आज तो ६८ आहे, आज त्याच्याकडे बघून माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. खऱ्या लीगमध्ये याचा धडा बॉस्टनने घालून दिलाय. २०१३ मध्ये त्यांनी पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट, दोघेही पस्तिशी ओलांडलेले किंवा टेकलेले, ब्रुकलिनला दिले. बदल्यात २०१४, २०१६, २०१८ चे पिक आणि २०१७ ला अदलाबदलीचा हक्क. ब्रुकलिनला त्या जोडीने प्लेऑफची एक फेरी जिंकून दिली. बॉस्टनला २०१६ च्या पिकवर जेलन ब्राउन मिळाला. २०१७ चा हक्क पहिल्या क्रमांकावर पडला, तो फिलाडेल्फियाला देऊन ते तिसऱ्यावर उतरले, वर एक पिक घेतला, आणि जेसन टेटम उचलला. २०२४ ला हे दोघे अजिंक्य झाले.

कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग व्यापाऱ्याला देतात. पाऊस, तुडतुडे, उष्णता सगळं व्यापाऱ्याच्या डोक्यावर. भविष्यातला पिक घेणारा मी तो व्यापारी, आणि भाव ठरतो तो बागवाल्याला आज पैशाची किती निकड आहे त्यावर.

सायंकाळी ७

फोन. सिएटलचे काका.

काका मूळचे नागपूरचे, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले, नोकरीतून निवृत्त होऊन आता सॅन होजेला. तिकडे पहाटेचे साडेसहा, पण ते फिरून येऊन बसलेले असतात. लीगमध्ये मराठी आम्ही दोघंच.

"काहून बे, विकून राहिला म्हणे पोट्ट्याले?"

"विकत नाहीये काका. आलेलं ऐकतोय."

"मग माझं ऐक. माझा हिरो एकतीसचा झाला. दोन सीझन आहेत माझ्याकडे, जास्तीत जास्त. डेन्व्हरशी दोनदा हरलो, दोन्ही वेळा चेंडू आणायला माणूस नव्हता. तुझा पोट्टा दे, मी काय ते देतो."

हे सगळं मला फाइलवरूनही दिसत होतं, पण काकांनी ते तोंडाने सांगितलं. यासाठी मी काकांवर प्रेम करतो.

पगार जुळवणं हे काम वेगळंच आहे. गार्डचा पगार ३.६ कोटी, अजून तीन वर्षं. सिएटल मर्यादेच्या वर, म्हणून त्यांना तेवढा तरी पगार माझ्याकडे पाठवावाच लागणार. त्यांच्याकडे ३३ वर्षांचा सेंटर आहे, २.९ कोटी, एकच वर्ष उरलेलं. त्यात २० वर्षांचा विंग, आज ४८, पुढे ६३, पगार ४० लाख. आणि बाकावरचा एक गार्ड, ४० लाख. बेरीज ३.७. जमतं. माझ्यावर दहा लाखांचा बोजा वाढतो, जागा आहे. तीन येतात, एक जातो, तेराचे पंधरा. बरोबर काठावर.

"आणि पिक?"

"पुढच्या वर्षीचा घे."

"पुढच्या वर्षी तुम्ही साठ सामने जिंकणार काका. तिसावा पिक घेऊन मी काय करू? पुढच्या वर्षीचा द्या, आणि त्यानंतर दोन वर्षांनीचा. कुठलंही संरक्षण नाही, जिथे पडेल तिथे माझा."

बराच वेळ काही बोलणं नाही. दोन वर्षांनी काकांचा हिरो तेहेतिशीत असेल, माझा गार्ड बत्तिशीत. त्याच्या पुढच्या वर्षी सिएटल कुठे असेल हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मला हवा तो दुसराच पिक. पहिला मागितला तो बोलण्यात वजन यावं म्हणून.

"तू लहान होता तेव्हा कोणी मारलं नाही का रे तुला?"

"मारलं ना. घरी कॉस्टिंगवाले होते."

"जेवून सांगतो," म्हणाले. पहाटे साडेसहाला.

रात्री ८.४०

सिएटलचा निरोप कमिशनरच्या खात्यात दिसला, अटी त्याच, त्यांच्याकडून मान्य. मीही मान्य केलं. गार्डच्या नावापुढे सॅक्रामेंटो होतं तिथे सिएटल आलं. लेकीने मागून बघितलं, काही बोलली नाही, अभ्यासाला गेली. मी त्या गार्डचं करिअरचं पान एकदा उघडलं. सात मोसम, एकाच शहराचं नाव खालपर्यंत, आणि मग आठव्या ओळीची जागा. ते पान बंद करून यादीकडे वळलो.

रात्री ९.३०

ड्राफ्ट. प्रत्येकाला तीन मिनिटं. तीस मॅनेजरांपैकी बावीस-तेवीस हजर, बाकीच्यांनी यादी देऊन ठेवलेली.

पहिला पिक सॅन दिएगोचा, त्यावर कोणाचाच प्रश्न नव्हता. वर्गात एकच पोरगा ७० च्या वर जाईल असा होता आणि तो गेला. दुसरा पिट्सबर्ग. पिट्सबर्गचा मॅनेजर मागच्या तीन मोसमांत प्लेऑफच्या दाराशी थांबलाय आणि त्याच्याच गटात त्याची चेष्टा होते. मी त्याच्या जागी असतो तर उंच पोरगा घेतला असता. त्याने घेतला २२ वर्षांचा तयार गार्ड. तीन मिनिटांतली पन्नास सेकंदंसुद्धा लागली नाहीत.

माझं बोट आधीच १९ वर्षांच्या पोराच्या नावावर होतं. दाबलं. आज ४४. पहिल्या फेरीचा करार तीन वर्षांचा, स्वस्तातला. तीन वर्षांत तो बावीसचा होईल.

मधले अठरा पिक जेवत जेवत बघितले. बाविसाव्याला, म्हणजे पोलंडच्या माणसाकडून मिळालेल्याला, यादीत दोघं उरले होते. एक तीन गुणांचा फटका मारणारा, वय २१. दुसरा बचावात पक्का, हल्ल्यात शून्य, वय १९. आकड्यांशेजारी गेम छोटी अक्षरंही दाखवतो, कोण नेमबाज, कोण चेंडू सांभाळणारा, कोण रिंगखालचा रखवालदार; ती जुळली की संघाला थोडा वरचा फायदा मिळतो. आज मला जुळवायचं काही नाही, कारण जुळवायला संघच नाही. १९ वाला घेतला.

रात्री ११.१५

हिशेब. सतरा नावं, त्यातल्या चौघांचे करार या उन्हाळ्यात संपतात, म्हणजे पुढच्या फाइलीत तेरा. वीस किंवा त्याखालच्या वयाचे तिघं. पुढच्या चार वर्षांत पहिल्या फेरीचे स्वतःचे चार आणि सिएटलचे दोन. संघाचा क्रमांक बघितला तर तीस संघांत तिसावा, आणि तोही निर्विवाद. येत्या मोसमात पंधरा सामने जिंकलो तरी खूप. उद्या आठला चाकणची बस आहे, महिन्याची स्टॉकमोजणी.

तेवढ्यात काकांचा निरोप.

"अरे तो सेंटर. तुला तर लागणार नाही. मोकळा करून टाक ना, मी किमान पगारावर उचलतो. रिंगखाली माझ्याकडे आता कोणीच नाही बे."

३३ वर्षांचा, २.९ कोटींचा, मला खरंच नको असलेला माणूस. मोकळा केला तरी त्याचा पगार वर्षभर माझ्याच वहीत राहणार. पण काकांनी "आता कोणीच नाही" असं लिहिलं होतं.

"करतो की," मी लिहिलं. "दुसऱ्या फेरीचे दोन पिक द्या."

"लुटून राहिला."

"एक या वर्षीचा तर संपला काका. पुढच्या वर्षीचा आणि त्याच्या पुढचा. दुसऱ्या फेरीला स्टेपियन लागत नाही."

तीन ठिपके हलत राहिले. मग आलं: "एक देतो."

मी उत्तर दिलं नाही. फ्री एजन्सी बुधवारी सुरू होते.